खुंटीवरची साखळी

आमच्या बऱ्हाणपुरात बर्फ भेटतो तो उन्हाळ्यात, गोळेवाल्याच्या गाडीवर. तरी घरात खुंटीला बर्फाची साखळी टांगलेली. दादा केळीची ट्रक श्रीनगरला नेत. हिवाळ्यात बनिहालच्या चढावर तिचं काम पडे. एका रात्री कंटाळा करून त्यांनी ती बांधली नाही. गाडी घसरत कठड्याला टेकली. हे त्यांनी मला सांगितलं, वहिनींना कधीच नाही.

परवा पुतण्या पहिल्यांदा भर थंडीत तिकडे निघाला. म्हणाला, "काका, साखळी कशाला? बर्फाचे टायर असतात. त्यांचं रबर गारठ्यातही मऊ राहतं. शिवाय २०२१पासून नवा बोगदा आहे, चढ वाचतो."

"खरं आहे. पण ते टायर बर्फात राहणाऱ्यांचे. आपल्या उन्हात लवकर झिजतील. आपण तिथले दोन दिवसांचे पाहुणे. बर्फ लागला की मागच्या चाकांना साखळी बांध, बैलगाडीच्या चालीनं चल, कोरडी सडक आली की सोड."

त्यानं निमूटपणे साखळी केबिनमध्ये ठेवली.

खुंटी रिकामी आहे. वहिनी येता-जाता तिकडे बघतात. त्यांना सारं ठाऊक असावं.