गळतीचे मूळ

द्रव पदार्थ आपली जागा सोडून निघतो, त्या क्रियेला मराठीने किती नावे दिली आहेत! छप्पर गळते, माठ पाझरतो, भिंतीतून ओल झिरपते, नळ ठिबकतो, धुतलेले वस्त्र निथळते. हे भेद कोशकारांनी बसल्या जागी केलेले नाहीत. ज्यांच्या घरात पाऊस शिरला आणि ज्यांनी माठ भरून ठेवले, त्यांनी ते केले. पोकलेन, डोझर, लोडर अशा अवजड यंत्रांच्या दुरुस्तीत माझी सव्वीस वर्षे गेली आणि त्या धंद्यात या शब्दांचा मला फार उपयोग झाला. ‘लिकेज आहे’ असे हेल्परने येऊन सांगितले की माझा पहिला प्रश्न असे, ‘गळतंय की पाझरतंय?’ त्याच्या उत्तरावर पुढच्या शोधाची दिशा ठरे.

पोकलेन हे खरे तर फ्रान्समधील एका कंपनीचे नाव. आपल्याकडे ते माती खणणाऱ्या यंत्राचेच नाव होऊन बसले. बेळगावकरांना हा विषय अगदी परका नाही. उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह घडवणारे कारखाने आहेत आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरातले कोणी ना कोणी तिथे कामाला असते. तरीही ज्यांचा या यंत्रांशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात मांडले. पोकलेनचा पंप तेलाला असा दाब देतो, होजमधून ते तेल सिलिंडरात जाते, रॉड बाहेर ढकलला जातो आणि बूम उचलला जातो. २० टनी यंत्रात हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५० किलोपर्यंत चढतो. १२ सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरचा हिशेब केला, तर त्याची ताकद जवळजवळ ४० टन भरते. एवढ्या ताकदीच्या तेलाला अडवून धरते ती काही मिलिमीटर जाडीची सील.

ही अडचण त्या विद्येच्या जन्मापासूनची आहे. १७९५ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, तेव्हा त्यालाही गळतीनेच छळले होते. दट्ट्याभोवतीचे पॅकिंग सैल ठेवले तर पाणी निसटे, घट्ट आवळले तर दट्ट्या हलेना. त्याच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले याने वाटीच्या आकाराचे चामडे बसवून ही अडचण सोडवली, असे सांगतात. दाब वाढला की तेच पाणी चामड्याच्या कडा दट्ट्यावर घट्ट दाबून धरी. दाब उतरला की पकड सैल होई. आजच्या रबराच्या आणि पॉलियुरेथेनच्या सीलमागेही हेच तत्त्व आहे. जे निसटू पाहते, त्यालाच राखणीला बसवायचे!

१९८६ साली मी चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलो, तो डिचोली भागातील लोहखनिजाच्या खाणीवर फिटर म्हणून. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणकाम थांबले, तोवर तिथेच होतो. सुरुवातीला ज्यांच्या हाताखाली शिकलो ते खानापूरकडचे एक वयस्क मिस्त्री होते. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. पहिल्याच आठवड्यात एका पोकलेनच्या खालच्या होजला तेल लागलेले पाहून मी पाना घेऊन आत शिरलो. मामांनी मागून हाक मारली, ‘तेल दिसतंय तिथं कशाला बघतोस रे? तेल कुठनं आलंय ते बघ की!’

या एका वाक्यात गळती शोधण्याचे बरेचसे शास्त्र आले. तेल उताराला धावते, रेडिएटरच्या पंख्याचा वारा त्याला भलतीकडे उडवतो, आणि खाणीतली तांबडी धूळ त्यावर बसून असा लेप तयार होतो की सारे यंत्रच गळके वाटू लागते. म्हणून मामांची पहिली आज्ञा असे ती यंत्र धुण्याची. धुऊन, फडक्याने कोरडे करून ते जोडांवर खडूची पूड भुरभुरवीत, मग इंजिन चालू करून वरून खाली पाहत येत. पांढऱ्या पुडीवर जिथे सर्वांत वर ओला डाग उमटेल, तिथे मूळ. आता तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहण्याची सोय आहे. अंधारात गळतीची पिवळसर हिरवी रेघ स्पष्ट दिसते. साधन बदलले, पण आधी धुऊन मग वरून पाहण्याची रीत बदलली नाही.

जागा सापडली म्हणजे कारण सापडले, असेही नाही. आमच्या एका यंत्राच्या बूम सिलिंडरची सील वर्षभरात तीनदा बदलली गेली. दर वेळी नवे सील किट, दर वेळी महिना-दोन महिन्यांत रॉडवरून पुन्हा ओघळ. किट नकली असावे असा सर्वांचा समज झाला. चौथ्या वेळी मामांनी सील बाजूलाच ठेवली आणि सिलिंडरच्या टोकाचा पिन हलवून पाहिला. तो बुशमध्ये खडखडत होता. बुश झिजल्यामुळे रॉडवर आडवा भार येई, आणि त्या एकाच बाजूला सील घासली जाई. बुश आणि पिन बदलल्यावर चौथी सील टिकली. अशा वेळी रॉडच्या क्रोमवर नख फिरवून ओरखडा लागतो का, धूळ पुसणारा वायपर शाबूत आहे का, तेल फार तापते आहे का, हेही पाहावे लागते. उष्णतेने सील कडक होऊन तडकते. होजवर छापलेली अक्षरांची ओळ सरळ न जाता पिळली असेल, तर तो होज बसवतानाच पिळला गेला आहे असे समजावे. आणि जोड गळतो म्हणून पान्याने आणखी आवळत राहिले, तर तो बंद होण्याऐवजी चिरतो.

काही गळती मात्र डोळ्यांना दिसतच नाही. रात्री उंच ठेवलेला बूम सकाळी खाली आलेला असतो आणि जमिनीवर तेलाचा थेंब नसतो. तेल सिलिंडरच्या आतल्या आत पिस्टनच्या सीलवरून पलीकडे जात असते, किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमधून परत टाकीत जात असते. रॉड पूर्ण बाहेर काढून, बूमला भक्कम आधार देऊन आणि दाब सोडवून रॉडकडचा होज उघडायचा, त्याचे तोंड बंद करायचे, आणि दुसऱ्या बाजूने हळूहळू दाब द्यायचा. उघड्या तोंडातून तेल येत राहिले तर दोष पिस्टनच्या सीलचा. न आले तर सिलिंडर निर्दोष, व्हॉल्व्हकडे वळायचे. न उघडता दोष देऊ नये, ही शिस्त मला या परीक्षेने लावली.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण काटकसरीसाठी वापरतो. मी ती हेल्परांना उलट्या अर्थाने सांगत असे. एका मिलिलिटरात साधारण २० थेंब धरले, तर सेकंदाला एक थेंब गळणारा जोड दिवसाला सव्वाचार लिटरहून अधिक तेल घालवतो. पावसाळ्यात ते तेल ओहोळातून खालच्या भातशेतीत उतरते, पाण्यावर रंगीत तवंग दिसू लागतो, आणि मग शेतकऱ्याच्या डोळ्याला डोळा देणे अवघड होते.

पण सर्वांत घातक गळती थेंबांची नव्हे. १९९६ च्या सुमारास शेजारच्या एका खाणीवर विशीतल्या हेल्परने होजवर धुक्यासारखे काही तरी पाहिले आणि कुठून येते ते चाचपण्यासाठी इंजिन चालू असतानाच हात फिरवला. होजला सुईच्या अग्राएवढे छिद्र होते. त्याला मुंगी चावल्यासारखे वाटले. तर्जनीवर लाल टिपका, रक्त नाही, वेदनाही फारशी नाही. जवळच्या दवाखान्यात मलम लावून त्याला परत पाठवण्यात आले. तेल मात्र त्वचेखाली शिरून बोटाच्या आवरणातून तळव्यापर्यंत पसरले होते. रात्री हात सुजला, दुसऱ्या दिवशी काळवंडू लागला. पुढे दोन बोटे काढावी लागली. तो मुलगा आज पन्नाशीत आहे, गावी किराणा दुकान चालवतो आणि सुटे पैसे डाव्या हाताने मोजतो.

त्या दिवसापासून मामांनी आमच्या प्रत्येकाच्या खिशात पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवायला लावला. न दिसणारी धार शोधायची असेल तर लांबून पुठ्ठा किंवा लाकूड फिरवायचे, हात नाही. पान्याला हात लावण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचे, लिव्हर चारी दिशांना हलवून उरलेला दाब सोडायचा आणि टाकीतली हवाही सोडायची. इंजिन बंद म्हणजे दाब गेला, असे कधीही धरायचे नाही.

आपल्या घरातली मुले आज कारखान्यांत, रस्त्यांच्या आणि धरणांच्या कामांवर आहेत. त्यांच्यापैकी कोणी संध्याकाळी येऊन ‘बारीकसं टोचलंय’ म्हणाले आणि ते टोचणे दाबाखालच्या तेलाचे असेल, तर जखमेच्या आकारावर विसंबू नये. त्याच घटकेला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना कोणते तेल, किती दाब, किती वाजता, हे तीन शब्दांत सांगावे. इथे तासांचा हिशेब असतो. हात दुखू लागण्याची वाट पाहिली, तर उशीर झालेला असतो.