केबल ओढताना

आमच्या विहिरीवर मोटर आहे. मीटरच्या खोलीपासून विहिरीपर्यंत अडीचशे फूट लोखंडी पाईप पुरला आहे. त्यातून केबल जाते. गेल्या वर्षी दादांनी ती विहिरीकडून ट्रॅक्टरला बांधून ओढली. विहिरीजवळच्या वळणात ती अडकली. मी बांधावरून ओरडलो, "ओढा, ओढा!" ट्रॅक्टरने हिसका दिला आणि केबल आली. मी टाळ्या वाजवल्या.

पण वळणावर केबलची साल सोलली गेली, ते कुणाला दिसलेच नाही. पावसाळ्यात पाईपात पाणी शिरले. एके सकाळी आमचा सोन्या बैल पाईपाला लागला आणि जागीच पडला.

यंदा नवी केबल टाकायला मामा आला. तो वायरमन आहे. त्याने आधी मेन बंद केला आणि फ्यूज काढून खिशात ठेवले. मग मला म्हणाला, "केबल म्हणजे कासरा नव्हे. तिला सोसेल तेवढंच ओढायचं. अॅल्युमिनियमच्या तारेला दर चौरस मिलिमीटरला 3 किलो, तांब्याला 5 किलो. कर हिशेब!"

आमच्या केबलीत 10 चौरस मिलिमीटरच्या तीन तारा. म्हणजे 30. त्याला 3 ने गुणले, 90 किलो झाले. तेही आतल्या तारांना धरून ओढले तरच. म्हणून मामाने टोकाची साल काढून तारांचाच फास केला, त्याला दोर बांधला आणि मध्ये पोती तोलायचा हुकाचा काटा अडकवला.

यंदा केबल विहिरीकडून आत सोडली आणि मीटरकडून ओढली. मी विचारले, "असं उलटं का?" मामा म्हणाला, "वळणावर ओढ जवळजवळ दुप्पट होते. वळण शेवटी आलं तर मागच्या सगळ्या ओझ्याची दुप्पट. सुरुवातीलाच आलं तर थोड्याची दुप्पट, म्हणजे थोडीच."

दादा केबलीला शंखजिऱ्याची पूड लावून आत सरकवत होते. मामा सावकाश ओढत होता. मी काटा वाचत होतो. तो 28 च्या पुढे गेला नाही.

काम झाल्यावर दादा बराच वेळ सोन्याच्या रिकाम्या खुंट्याकडे बघत बसले. मीही काही बोललो नाही.

मित्रांनो, विजेचे काम वायरमनलाच करू द्या. आणि काही अडले तर "ओढा" म्हणू नका. "थांबा" म्हणा.

— इयत्ता सातवी