गेलेल्या अवयवाचा आजार

आपाचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिला रिपोर्ट पूर्ण वाचून दाखवला नाही. उर्दू-मराठी दोन्ही शिकवते, तरी दोन्हींतला तो एक शब्द गिळला. "रसोली थी, निकाल दी," एवढंच सांगितलं. त्याआधी चार महिने तिचं पोट फुगणं 'गॅस' म्हणून खपत होतं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. हा आजार पित्तासारखा दिसतो, आणि आपल्याकडच्या बाया पित्ताला आजार मानत नाहीत.

परळच्या टाटा रुग्णालयात दोन्ही अंडाशय, गर्भाशय, आतड्यांवरचा चरबीचा पडदा काढला. मग 6 केमो. राहायला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा. नमाजसाठी पश्चिम कुठली विचारलं, तर शेजारच्या मावशींनी दिशा दाखवून स्वतःची चटईही सरकवून दिली.

सोळा महिन्यांनी रक्तातला सीए-125 चढू लागला. 35च्या आत हवा. आधी 41, मग 96. पेट स्कॅनमध्ये पोटाच्या मागच्या बाजूला, मोठ्या रक्तवाहिनीलगतच्या दोन लसिका ग्रंथी चमकल्या.

सारंगखेड्यात तेव्हा दत्तजयंतीची यात्रा. दारावरून घोड्यांचे ट्रक चालले होते. आपा म्हणाली, "अब पूरा पढ़. छुपा मत."

वाचलं. तो शब्दही.

"अंडाशय तो निकाल दिए. फिर उसीका कैंसर कैसे?"

मी वर्गात सांगावं तसं सांगितलं : काही पेशी ऑपरेशनआधीच लसिकेच्या वाटेने निघाल्या होत्या, स्कॅनला दिसण्याइतक्या मोठ्या नव्हत्या. कुठेही वाढल्या तरी त्या अंडाशयाच्याच, म्हणून औषधही त्याच आजाराचं.

"मतलब पऱ्हाटी उपाड़ी, इल्ली मिट्टी में रह गई."

तिच्या शेतातलं हे उदाहरण माझ्या अख्ख्या तासापेक्षा नेमकं होतं.

डॉक्टरांचं म्हणणं, दोनच ग्रंथी आहेत आणि केमो संपून सहा महिन्यांहून बराच काळ लोटलाय, तेव्हा काढता येतील. नंतर पुन्हा केमो. दुल्हाभाई म्हणाले, परत चिरफाड नको, नुसती औषधं घेऊ. मीही मान डोलावली होती.

"मेरे से किसीने पूछा?" आपा म्हणाली.

मग तिनेच डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. किती दिवस पडून राहावं लागेल, पाय सुजतील का, तिसऱ्यांदा आलं तर काय, सगळं विचारलं. शेवटच्या प्रश्नाला डॉक्टरांनी येऊ शकतं असं सरळ सांगितलं. तिने फोन ठेवला आणि दोंडाईच्याहून गाडीचं तिकीट काढायला लावलं, पण यात्रेनंतरचं. घरात पाहुणे होते, आणि कापसाची एक वेचणी राहिली होती.