वासोट्याच्या वाटेवर

मागच्या वर्षी शाळेच्या ट्रेकला आम्ही थोरलीला पाठवलं नाही. रात्रीचा मुक्काम आहे, एवढंच कारण सांगितलं. त्याच हिवाळ्यात धाकटा मात्र स्काऊटच्या शिबिरात तीन रात्री राहून आला. थोरली भांडली नाही, रडलीही नाही. वर्गात समानतेचा धडा शिकवताना तिचा तो गप्प चेहरा आम्हा दोघांनाही आठवायचा.

म्हणून या डिसेंबरात आम्ही चौघं मिरजेहून निघालो. सातारा, मग कासचं पठार ओलांडून बामणोलीला पोहोचेतो संध्याकाळ झाली. वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात येतो. हे अभयारण्य आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, त्यामुळे जंगलात मुक्काम करू देत नाहीत. तंबू लागतात ते अलीकडे, शिवसागर जलाशयाच्या काठाला. रात्री दोन पांघरुणं पुरली नाहीत. फजरला त्या पाण्यानं वुजू करताना बोटं बधिर झाली. धाकट्याने तोंड वाकडं केलं. थोरलीने मुसल्ले अंथरले.

सकाळी परवानगीचे कागद करून लाँचमध्ये बसलो. कोयना धरण झालं तेव्हा कितीतरी गावं या पाण्याखाली गेली, असं लाँचवाले काका सांगत होते. त्यानंतर बराच वेळ कुणीच बोललं नाही. पलीकडच्या वनखात्याच्या चौकीवर प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुडे मोजून घेतले, अनामत ठेवून घेतली. परतताना तेवढेच दाखवले की पैसे परत. (शाळेच्या सहलींना हाच नियम लावायला हवा.)

वाट दाट झाडीतून चढते. दीड तासात आमच्यापैकी एकाचा गुडघा कुरकुरू लागला, दुसऱ्याचा दम संपला. लाँचची परतीची वेळ ठरलेली. मागून काही बायकांचा ग्रुप आला, सोबत गावातला वाटाड्या.

"अम्मी, तुम्ही बसा. मी यांच्याबरोबर जाऊन येते."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. धाकटा पाय दुखतात म्हणून आधीच दगडावर बसला होता. आम्ही "जा" म्हणालो.

जोहरची कसर नमाज तिथेच अदा केली. दुआला हात उचलले आणि तिच्या नावापलीकडे काही सुचेना. पाचोळा वाजला की मान वळायची. घड्याळ तर दर दोन मिनिटांनी.

ती उतरली तेव्हा स्कार्फला कुसळं चिकटली होती आणि तोंड थांबत नव्हतं. बाबू कडा, समोरचा जुना वासोटा, आणि बापू गोखल्यांच्या फौजेशी हा किल्ला लढवणारी ताई तेलीण. "अब्बा, एक बाई लढली इथं! तुम्हाला माहीत होतं?" माहीत होतं.

लाँचमध्ये तिने सॅकमधून घडी केलेला कागद काढला. शाळेचा राजगड ट्रेक, दोन रात्री, पालकांची सही. घरूनच आणला होता. पेन मात्र कुणाकडेच नव्हतं. लाँचवाल्या काकांनी खिशातलं काढून दिलं.