एक बोट माया

रत्नागिरीच्या राम आळीतून जरा आत वळलं की एका बोळाच्या तोंडाशी आमच्या शिंप्यांचं दुकान होतं. दोन शिलाई मशिनी, कापड कापायचं लांब टेबल, आणि खुंट्यांवर अजून बाह्या न लागलेले शर्ट. सगळे त्यांना मास्टर म्हणत. १९७६ च्या मे महिन्यात, मी आठवीत जाणार होतो तेव्हा, अण्णांनी मला त्या टेबलासमोर उभं केलं आणि म्हणाले, "वाढत्या अंगाचं शिवा, मास्टर." हाफ पँट सुटून फुल पँट येण्याचं ते वर्ष. मास्टरांनी गळ्यातली टेप काढली, एकेक माप मोठ्यानं म्हटलं, कोपऱ्यात काज-बटणं करत बसलेल्या त्यांच्या मुलानं ते वहीत उतरवलं. शेवटी पेन्सिल कानावर ठेवत मास्टर म्हणाले, "बगलेला आणि कमरेला एक बोट माया ठेवतो. दोन वर्षं बघायला नको."

माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. बाहेरून ते दिसत नाही. पण पोरगा वाढला, माणूस अंगानं भरला, की टाके उसवून तेवढं बाहेर घेता येतं. तयार शर्टात ती जवळजवळ नसतेच. मशीन शिवण मारता मारताच कडेचं कापड कातरून टाकतं. त्यानंतरच्या जवळजवळ पन्नास वर्षांत कितीतरी तयार कपडे मी घातले. अजूनही कुठलाही शर्ट हातात आला की मी आधी तो उलटा करतो आणि बगलेची शिवण बघतो.

कापड मुंबईहून यायचं. काका परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. गणपतीला चाकरमानी येत तसे तेही येत, आणि ट्रंकेत आमच्यासाठी दोन-तीन पीस असत, काठावर गिरणीचं नाव छापलेले. आई ते थेट मास्टरांकडे कधीच जाऊ देत नसे. आदल्या रात्री बादलीत बुडवून ठेवायची आणि सकाळी न पिळता वलणीवर टाकायची. का, ते मला काकांनी सांगितलं. साच्यावर उभे धागे ताणून धरलेले असतात, कापड विणलं जातं ते त्या ताणातच. पाणी लागलं की ताण सुटतो आणि कापड आटतं. शिवल्यावर आटलं तर बाही मनगट सोडते, आणि दोरा कापडाच्या बरोबरीनं आटत नाही म्हणून शिवणीला चुण्या पडतात. तेव्हा आटायचं ते आधीच आटू द्यायचं.

आमच्या घरी शिवणं असं धुण्यापासून सुरू व्हायचं. जुन्या गावगाड्यात परीट बारा बलुतेदारांत धरला जाई आणि शिंपी पुष्कळ ठिकाणी अलुतेदारांत, म्हणजे परीट गावाच्या रोजच्या गरजेचा, शिंपी त्यानंतरचा. लहानपणी आमच्या घरात पाहिलेला क्रमही मला तसाच वाटतो.

आमची विहीर मांडवीच्या बाजूची. एप्रिल सरत आला की पाणी मचूळ व्हायचं आणि साबण फेस धरेनासा व्हायचा. पांढऱ्या शर्टांवर तेव्हा एक करडी झाक चढायची. आई ती घासघासून काढायला बघायची, पण तो मळ नव्हताच. पाण्यातल्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन जो न विरघळणारा साका होतो, तो धाग्यांत बसलेला असायचा. आणखी साबण लावला की आणखी साका. नीळ पिवळेपणावर चालते, निळी झाक चढली की पिवळट कापड डोळ्याला पांढरं दिसतं. करडेपणावर तिचा काही उपयोग नाही.

जून लागला की चित्र बदलायचं. पहिले दोन-तीन दिवस कौलं धुऊन निघू द्यायची, मग पडवीच्या कडेला घंगाळ आणि पत्र्याचं पिंप लावून पागोळ्यांचं पाणी धरायचं. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. साबणाची वडी नुसती फिरवली की फेस, आणि एप्रिलमध्ये करडे झालेले शर्ट दोन धुण्यांत पुन्हा उजळत. पण वाळवायचे कुठे? रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ज्या दिवसांत धुवायला सगळ्यात चांगलं पाणी, त्याच दिवसांत ऊन नाही. पडवीतल्या दांडीवर तीन-तीन दिवस ओलेच राहिलेले कपडे, त्यांचा कुबट वास, आणि शिवणीच्या जाड भागावर बुरशीचे बारीक काळे ठिपके. कापड वाळतं, शिवण वाळत नाही. माया आत दुमडलेली म्हणून तिथे पदर जास्त, आणि ओल तिथेच दडून बसते. म्हणून आई शेगडीत करवंट्यांचे निखारे करायची, त्यावर बांबूची डाल पालथी घालायची, डालीवर शर्ट उलटा पसरायची, आणि मला शेजारी बसवायची. दर थोड्या वेळानं बगल निखाऱ्यावर आली की नाही ते बघायचं. शाळेच्या गणवेशाला धुराचा वास यायचा. वर्गातल्या निम्म्या मुलांना तोच वास असायचा.

अण्णा कोर्टात कारकून. पांढरे चार शर्ट आणि राखाडी दोन पँटी, एवढ्यावर त्यांनी कित्येक वर्षं काढली. बाकीचं धुणं आईकडे, पण कॉलर ते दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत. रविवारी सकाळी विहिरीवर उकिडवे बसून ते शर्ट डाव्या मुठीवर असा चढवत की कॉलर मनगटावर सपाट पसरे. साबण ओला करून घडीच्या रेषेवर फिरवत आणि पाच मिनिटं तसाच सोडत. मग ब्रश नाही, दगड नाही. कॉलरची एक बाजू दुसऱ्या बाजूवर हलक्या हातानं, टोकांकडून मध्याकडे चोळत. "पिळायची नाही," ते सांगत. "आत कॅनव्हास आहे. त्याला एकदा पीळ बसला की इस्त्रीनंही निघत नाही." मग शर्ट दोन्ही खांद्यांना धरून जोरात झटकायचा, खालची बाजू वर करून दांडीवर टाकायचा, सावलीला. आणि इस्त्री तो थोडा दमट असतानाच: आधी कॉलरची मागची बाजू, टोकांकडून मध्याकडे, म्हणजे सुरकुती टोकाला साचत नाही; मग खांदे, कफ, बाह्या, आणि पुढचे दोन पल्ले शेवटी. मी आजही याच क्रमानं करतो. दुसरा क्रम मी करून पाहिला आहे. नीट होत नाही.

चार-पाच वर्षांनी घडीच्या रेषेवर कॉलर विरायची. मग शर्ट मास्टरांकडे जायचा. ते कॉलर उसवून काढत, उलटी करून पुन्हा बसवत, आणि विरलेली बाजू मानेच्या मागे घडीखाली जाई. शर्टाला आणखी तीन वर्षं मिळत. मला हे काम शर्ट शिवण्यापेक्षा वरचं वाटतं. जुन्या टाक्यांच्या भोकांतूनच नवा टाका घालावा लागतो, नाहीतर विरलेलं कापड तिथेच फाटतं.

त्या पहिल्या फुल पँटीचं मात्र मी वाटोळं केलं. शिवून आली आणि आठवड्याभरात कलमाखाली आंबे उतरवताना देठाचा चीक मांडीवर उडाला. आईनं खोबरेल लावलं, कारण फणसाचा चीक खोबरेलानं सुटतो. हा सुटला नाही. दोन दिवसांत डाग काळपट झाला आणि पँट फाटेपर्यंत तसाच राहिला. पुढे कळलं की आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. बिब्ब्याचा काळा रस म्हणजे परटाची शाई: कोणाचा कपडा कोणता हे ओळखायला कपड्याच्या कोपऱ्यावर ज्या खुणा करत, त्या बिब्ब्यानं, कारण त्या कितीही धुतल्या तरी जात नाहीत. बिब्ब्याच्या त्या भाऊबंदानं माझ्या मांडीवर खूण केली होती.

बाकीचे डाग ऐकतात. हळदीवर साबण लागला की ती लाल होते आणि माणूस घाबरतो. घाबरायचं नाही, धुऊन उन्हात टाकायचं, हळदीचा रंग ऊन खातं. रातांब्याचा डाग ताजा असताना नुसत्या पाण्यानं काढावा, साबण लावला की लालाचा निळसर होतो. आणि आमच्या समुद्रकाठी सगळ्यात त्रास गंजाचा. खाऱ्या हवेनं पँटीचा हूक गंजतो आणि कमरपट्टीवर तपकिरी कडं उमटतं. आई त्यावर बिंबल चिरून चोळायची. बिंबलातल्या आम्लानं गंज सुटतो, पण लगेच भरपूर पाण्यानं खळबळावं लागतं, नाहीतर कापडच जळतं.

१९८२ साली मी नोकरीच्या शोधात मुंबईला काकांकडे गेलो. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झालेला होता. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर, त्यात आमच्या जिल्ह्यातली माणसं किती तरी. काकांच्या दहा बाय बाराच्या खोलीतून रोज सकाळी मी मुलाखतींना जात असे, आणि अंगात अण्णांनी दिलेला एकुलता चांगला शर्ट. तो एकदा कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत टाकला, तर कॉलर पीळ बसून आली आणि एक बटण फुटून. त्या रात्री काकांनी मला चाळीच्या मोरीत बसवलं. साचेखात्यात आयुष्य घालवलेला तो माणूस कापड पाण्यात कसं धरायचं हे मला दाखवत होता, आणि त्याच्या गिरणीचा भोंगा कित्येक महिने वाजला नव्हता. "ओलं सूत कोरड्यापेक्षा दमदार असतं," ते म्हणाले, "पाण्यात घाबरू नको. फाटतं ते आपटण्यानं." काका पुन्हा साच्यावर गेले नाहीत. गावी परतले, आणि त्यानंतर आमच्याकडे काठावर नाव छापलेला पीस आला नाही.

मला नोकरी लागली, आणि पुढे मीही बदली घेऊन रत्नागिरीला आलो. तोवर घरोघर टेरिकॉट रुळला होता. त्याला मी नावं ठेवणार नाही. रात्री धुऊन खिळ्याला टांगला की भर जुलैतही सकाळी घालता यायचा, आणि ही कोकणातल्या बाईची केवढी सुटका होती हे डालीशेजारी बसलेल्याला नक्की कळतं. फक्त त्याच्या कॉलरला अंगाचं तेल धरून राहतं, सुतासारखं सुटत नाही.

काकांनी आणलेल्या शेवटच्या पिसांपैकी एक निळं पॉपलिन होतं. १९८१ मध्ये ताईच्या लग्नासाठी अण्णांनी त्याचा शर्ट शिवून घेतला, त्यांच्या आयुष्यातला बहुधा एकमेव रंगीत. ताई चिपळूणला दिली. अण्णांनी तो शर्ट आणि एक पँट तिच्याकडेच ठेवली होती, म्हणजे लेकीकडे जाताना पिशवी नको. अण्णा २००९ मध्ये गेले. शर्ट ताईच्या कपाटात राहिला.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. ताई आणि भावोजी वरच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. खालचं सगळं बुडालं. रस्ता मोकळा झाल्यावर मी गेलो. कपाटाचं दार उघडत नव्हतं, आत गाळ दाबून बसला होता. कपडे ओळखू येत नव्हते. चार गोणी भरून मी रत्नागिरीला आणल्या.

आई तेव्हा चौऱ्याऐंशीची. पडवीत खुर्ची टाकून बसली आणि मी साबणाचा पुडा फोडताना ओरडली, "साबण नको आधी! नुसत्या पाण्यानं गाळ जाऊ दे. साबण लागला की माती धाग्यात बसते." पाऊस कोसळतच होता. पागोळ्यांखाली टब लावले, भरले, ओतले, पुन्हा भरले. अकराव्या की बाराव्या पाण्यात एका गोळ्यातून कॉलर वर आली. ती उलटी बसवलेली होती. मी बगलेत बोट घातलं आणि मला कळलं हा कोणाचा शर्ट.

साबण लावला तो सातव्या दिवशी. डाल आता घरात नव्हती. पंखा लावला, आणि बगल पंख्याकडे.

गणपतीनंतर तो मास्टरांच्या दुकानात नेला. मास्टर नाहीत, दुकान त्यांचा मुलगा बघतो, माझी मापं वहीत लिहिणारा तोच. अण्णा माझ्यापेक्षा अंगानं बारीक. त्यानं शर्ट उलटा केला, शिवणीवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "बाबांनी ठेवलेली आहे ना." ब्लेडनं एकेक टाका काढत त्यानं शिवण उघडली. बाहेरचा शर्ट धुण्यांनी आणि पुरानं पांढुरका झाला होता. आत, दुमडीत, काकांच्या साच्यावरून उतरला होता तसा निळा.

दोन्ही बगलांचं मिळून दोन इंच कापड निघालं. शर्ट मला बसतो. हात वर केला की दोन्ही बाजूंना खालपर्यंत दोन गडद पट्ट्या दिसतात. आई म्हणाली, "चार वेळा सुलटा उन्हात घाल, रंग एक होईल." मी तो अजून उलटाच वाळत घालतो, पडवीत, सावलीला.