देवगिरीची न झालेली सून

वेरूळची लेणी बघायला निघालेल्या सैनिकांमुळे एका राजकन्येचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि देवगिरीला सून म्हणून निघालेली ती पोरगी दिल्लीला जाऊन पोहोचली! हे वाचलं आणि मी घरातल्या एकेकाला गाठून सांगत सुटले. मुळशीचा पाऊस कोसळत होता, वीज गेली होती, तरी पुस्तक मिटवेना. वेरूळला आपण शाळेच्या सहलीपासून जातो. कैलास लेणं बघतो, फोटो काढतो, घृष्णेश्वराचं दर्शन घेतो. त्या राजकन्येचं, देवलदेवीचं, नाव तिथं कुणीच कसं घेत नाही?

गुजरातचा शेवटचा वाघेला राजा कर्ण आणि राणी कमलादेवी यांची ही लेक. 1299 मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या फौजा गुजरातवर चालून आल्या. कमलादेवी त्यांच्या हाती लागली आणि दिल्लीच्या जनानखान्यात गेली. पुढे राज्य हातचं गेलं तेव्हा कर्णानं चिमुरड्या देवलसह दक्षिणेची वाट धरली. त्याला आसरा दिला तो आपल्या रामदेवराव यादवानं! ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्याचा उल्लेख येतो तोच हा राजा. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांतलं बागलाण कर्णाच्या वाट्याला आलं. म्हणजे देवलचं बालपण गेलं ते आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कातळांच्या सोबतीत.

आता लग्नाची गोष्ट. रामदेवरावाचा मुलगा शंकरदेव, ज्याला सिंघणही म्हणतात, त्याच्यासाठी देवलला मागणी आली. नंतरच्या काळातला तवारीखकार फरिश्ता सांगतो, कर्णानं आधी नकार दिला. राज्य गेलं, राणी गेली, दुसऱ्याच्या मुलखात राहायची वेळ आली, तरी यादव आपल्या तोलामोलाचे नाहीत हा कुळाचा ताठा काही गेला नव्हता! तिकडे दिल्लीत कमलादेवीनं सुलतानाकडे मुलीला आणवून घेण्याची इच्छा बोलून दाखवली. सरदार अल्पखान बागलाणावर चालून आला. गळ्याशी आल्यावर कर्णानं घाईघाईनं होकार दिला आणि शंकरदेवाच्या भावाबरोबर मुलीची पाठवणी केली.

देवगिरी काही कोसांवर आलं होतं. अल्पखानाची माणसं वाटेत विसाव्याला थांबली होती. त्यांतले काही जण रजा घेऊन लेणी बघायला गेले आणि अवचित त्यांची गाठ या पाठवणीच्या तुकडीशी पडली. चकमक झाली, देवलच्या घोड्याला बाण लागला, ती पकडली गेली. साल 1307 च्या आसपासचं. पोर असेल जेमतेम आठेक वर्षांची. सैन्यानं डोंगर पालथे घातले तरी न सापडलेली मुलगी लेणी बघायची हौस असलेल्या शिपायांना सापडावी! हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला.

दिल्लीत ती अलाउद्दीनचा मुलगा खिज्रखान याच्याबरोबर वाढली आणि दोघांचं प्रेम जमलं. खिज्रच्या आईला हे पसंत नव्हतं. तिनं त्याचं लग्न आपल्या भावाच्या, म्हणजे त्याच अल्पखानाच्या, मुलीशी लावलं. देवलशी निकाह झाला तो नंतर. हे सगळं कवी अमीर खुसरोनं साडेचार हजारांच्या आसपास बैतांच्या, म्हणजे द्विपदींच्या, फारसी काव्यात सांगितलंय. काव्य पुरं झालं 1316 मध्ये.

आणि त्याच 1316 मध्ये अलाउद्दीन मेला. त्याचा सरदार मलिक काफूर यानं ग्वाल्हेरच्या किल्ल्यात आधीच डांबलेल्या खिज्रचे डोळे काढवले आणि गादीवर अलाउद्दीनचा पाच-सहा वर्षांचा मुलगा शिहाबुद्दीन बसवला. इथं मी अक्षरशः ओरडले. कारण या पोराची आई झत्यपाली ही रामदेवरावाची मुलगी! देवगिरीच्या लेकीचा लेक, थोडे दिवस का होईना, दिल्लीचा सुलतान होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता मी भेटेल त्याला सांगतेय.

देवल आंधळ्या नवऱ्याबरोबर ग्वाल्हेरच्या कैदेत राहिली. काफूर मारला गेला, शिहाबुद्दीनला हटवून खिज्रचा भाऊ मुबारकशाह सुलतान झाला. त्यानं देवलला मागितलं. खिज्रनं तिला द्यायला नकार दिला. 1318 मध्ये मुबारक देवगिरीवर चालून आला, रामदेवरावाचा जावई हरपालदेव याला ठार मारलं, यादवांचं राज्य कायमचं संपवलं. आणि परतीच्या वाटेवर खिज्रच्या खुनाचा हुकूम सोडला. जी देवगिरी देवलचं सासर व्हायची होती, तिच्या पाडावापाठोपाठ देवलचा नवराही गेला. देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, भारतमातेचं मंदिर म्हणून आपण जे बघतो, ती मूळची मशीद याच मुबारकनं त्याच वर्षी बांधवलेली.

पुढे मुबारकनं देवलला आपल्या जनान्यात घेतलं आणि 1320 मध्ये त्याला मारून गादीवर आलेल्या खुसरोखानाकडेही ती गेली, असं नंतरचे तवारीखकार लिहितात. लेखक कन्हैयालाल मुनशींना ही सगळी कहाणीच बनावट वाटली, तर इतिहासकार रमेशचंद्र मजुमदारांनी ती खरी मानली. मी मजुमदारांच्या बाजूची. कवी अमीर खुसरो तेव्हा दिल्लीतच होता आणि बरनी, इसामी या तवारीखकारांच्या लिखाणातही देवल आहे.

गुजरातीतली पहिली कादंबरी, नंदशंकर मेहतांची ‘करण घेलो’, 1866 मध्ये आली ती देवलच्या बापावर. आणि अमीर खुसरोनं काव्य लिहिलं ते खिज्रखानाच्या सांगण्यावरून. म्हणजे एकदा ती कर्णाची मुलगी, एकदा खिज्रची प्रेयसी; ती स्वतः कुठंच नाही.

तिच्या तुलनेत बघा, याच वर्षांत इंग्लंडमध्ये एलिझाबेथ द क्लेअर नावाची सरदारीण होती. 1316 मध्ये तिला ब्रिस्टलच्या किल्ल्यातून पळवून नेऊन तिचं दुसरं लग्न झालं. तिसरा नवरा 1322 मध्ये गेल्यावर तिनं पुन्हा लग्न केलं नाही. स्वतःची जहागीर स्वतः सांभाळली, केंब्रिजच्या एका कॉलेजला पैसा आणि स्वतःचं नाव दिलं. तिच्या घरखर्चाच्या वह्यासुद्धा टिकल्यात! देवल तिच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी लहान. तिच्यावर हजारो बैत आहेत, पण बागलाणातून निघताना तिला काय सांगितलं होतं, नवरदेवाचं नाव तरी तिला ठाऊक होतं का, हे एकाही तवारीखकाराला लिहावंसं वाटलं नाही. निदान वेरूळच्या पाटीवर तिच्यासाठी दोन ओळी तरी हव्यात. कुणी लावत नसेल तर मी अर्ज करणार आहे.