हरताळाखालचे अक्षर

'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. तत्त्वांना हरताळ फासला जातो, नियमांना फासला जातो. पण प्रत्यक्ष हरताळ पाहिलेला मराठीचा विद्यार्थी विरळाच. पोथी लिहिताना चुकलेले अक्षर पिवळ्या हरताळाच्या लेपाने झाकायचे, लेप वाळला की त्यावरच शुद्ध अक्षर लिहायचे, ही जुन्या प्रतकारांची रीत. पाठचिकित्सा शिकवताना हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. राजापूरकडे नात्यातल्या एका घरी एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराची एक हस्तलिखित प्रत पाहण्यात आली, तेव्हा त्यातल्या एका ओवीवर असा पिवळा ठिपका दिसला. त्याचा एक कोपरा झिजला होता आणि खालून काळ्या शाईचा काही अंश डोकावत होता.

खाली काय होते? निराळा पाठ, की निव्वळ हात चुकलेला? पहिले असेल तर प्रतकारासमोर दुसरी एखादी पोथी असावी. दुसरे असेल तर विषय संपला. साध्या हातभिंगाने निर्णय होईना. काकूंनी स्वच्छ सांगितले, "पोथी घराबाहेर जायची नाही हो. काय ते इथं बसून काढ." त्यांचे म्हणणे रास्तच होते. कोकणातल्या दमट हवेने कडा आधीच खाल्लेल्या, आणि हात लागेल तिथे कागदाचा भुगा.

अशा वेळी छायाचित्राचे मोल काय, हे सांगायला राजवाड्यांची ज्ञानेश्वरी पुरे. १९०९ साली त्यांनी छापलेल्या प्रतीवर केवढे वाद झाले, पण ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. त्यामुळे तिथे काय होते याला राजवाड्यांच्या डोळ्यांखेरीज दुसरा साक्षीदार नाही.

फोनने का नाही, असे विद्यार्थी हमखास विचारतात. मीही आधी फोनच काढला. पण अनेक फोन अगदी जवळचे चित्र रुंद कोनाच्या लेन्समधून घेतात. फोन कागदाला जवळजवळ टेकवावा लागतो आणि त्याचीच सावली अक्षरावर पडते. त्याहून मोठी अडचण अशी की फोन चित्र 'सुधारतो'. कडा ठळक करतो, कागदाचा पोत गुळगुळीत करतो. प्रतकाराच्या प्रमादांत यंत्राच्या प्रमादांची भर कशाला?

मग कॅमेऱ्याचा शोध सुरू झाला. मर्यादा पंचवीस हजारांची. शंभर मिलिमीटरच्या बहुतेक नव्या मॅक्रो लेन्स एकट्याच या रकमेबाहेर जातात. पण त्या प्रामुख्याने किडे-फुलपाखरे टिपणाऱ्यांसाठी उपयोगाच्या. लांबून टिपता येते, कीटक उडून जात नाही. पोथी उडून जात नाही. मला हवी होती सपाट कागद कडेपासून कडेपर्यंत सारखा रेखीव दाखवणारी लेन्स. पुढे बसवायची क्लोज-अप काच सर्वांत स्वस्त, पण साधी एकभिंगी काच कडेला अक्षरे फिसकटवते. साधी ५० मिमी लेन्स उलटी लावण्याची युक्ती खरोखर चांगली आहे, आणि ज्याच्याकडे अशी लेन्स आहे त्याने आधी तीच करून पाहावी.

मी मात्र जुन्या मायक्रो-निक्कॉरकडे वळलो, त्याला थोडे वाङ्मयीन कारणही आहे. या घराण्यातली पहिली लेन्स १९५६ साली जपानमध्ये निघाली ती किड्यांसाठी नव्हे, पुस्तकांच्या मायक्रोफिल्मसाठी. रोमन लिपीला पुरणारी रेखीवता कांजी लिपीच्या दाट, बारीक रेघांना पुरेना, म्हणून ती घडवावी लागली. लिपीच्या गरजेतून जन्मलेली लेन्स पोथीसाठी वापरावी, हे मला आवडून गेले! तिच्या वंशातली ५५ मिमी, एफ ३.५ ही हाताने फिरवायची लेन्स जुन्या बाजारात अजून माफक दरात मिळते.

तिच्यासाठी बॉडी निवडताना एक गंमत कळली. १९७७ पूर्वीच्या बनावटीची ही लेन्स निकॉनच्या बऱ्याच महागड्या बॉडींवर बसवू नये, खटका मोडण्याची भीती असते. डी३२०० सारख्या प्राथमिक बॉडीवर ती निर्धास्त बसते, कारण तो खटकाच तिथे नाही. प्रकाशमापक मात्र चालत नाही आणि फोकसही हातानेच करावा लागतो. पोथीसमोर बसलेल्या माणसाला घाई नसते. दोन-तीन चित्रे काढून प्रकाश जमवता येतो. दोन्ही वस्तू वापरलेल्या घेतल्या, आणि तिपाईसकट मर्यादेत बसल्या.

ही लेन्स एकटी अर्ध्या आकारापर्यंत जाते. म्हणजे डी३२०० च्या चौकटीत कागदाचा सुमारे ४६ बाय ३१ मिमी भाग येतो आणि दर मिलिमीटरला सुमारे १३० बिंदू मिळतात. ६०० डीपीआयचा स्कॅनर चोवीसेक देतो, यावरून फरक लक्षात यावा. २७.५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब लावली की पूर्ण आकार. पण मग एफ ८ वरही स्पष्टतेची खोली पाऊण मिलिमीटरहून कमी उरते, आणि जुन्या कागदाच्या सुरकुत्या त्याहून उंच असतात. अर्ध्या आकारात ती दोन मिलिमीटरच्या आसपास जाते. मी तिथेच थांबलो.

कॅमेरा कागदाला समांतर आहे की नाही, हे पाहण्याची जुनी युक्ती फार कामाची: पान ठेवण्यापूर्वी त्या जागी छोटा आरसा ठेवावा आणि लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या मध्यावर येईपर्यंत तिपाई सरकवावी. फ्लॅश वापरला नाही. साधा एलईडी दिवा कागदाच्या जवळजवळ पातळीत, एका बाजूने धरला. काकूंनीच तो धरला, आणि कंटाळल्या नाहीत.

तिरप्या उजेडात लेपाचा उंचवटा दिसू लागला, झिजलेल्या कोपऱ्यात शिरोरेघ आणि एक वेलांटी सुटी झाली. दोन अक्षरे निःसंशय लागली, आणि तीच दोन अक्षरे पुढच्या ओवीच्या आरंभी आहेत. प्रतकाराची नजर एक ओळ खाली घसरली असावी. निराळ्या पाठाची शक्यता बरीच मावळली. तिसऱ्या अक्षराचा मात्र एक काना तेवढा दिसतो, आणि तो पुढच्या ओवीशी जुळत नाही.